टिचकीच्या दोन वाटा

नांदेडहून येणारा रस्ता वारंगा फाट्यावर दुभंगतो. एक वाट कळमनुरीवरून हिंगोलीकडे जाते, दुसरी हदगाव-उमरखेडकडे. वाटसरूने एक वाट पत्करली की दुसरी सुटते. संगणकाच्या इतिहासात असाच एक फाटा १९९७ साली आला; तेथे मात्र दोन्ही वाटा राखण्याचा निवाडा झाला. तो कसा झाला, हे आज पाहावयाचे आहे.

डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे माउस जाहीरपणे दाखविला. पुढे वेबपाने आली; पण आरंभी त्यांवरील टिचकीने पान बदलावे किंवा भरलेला अर्ज पाठवावा, एवढेच होई. मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीतील ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत एका भाषेचा पहिला आराखडा उभा केला. तीच जावास्क्रिप्ट. १९९६ मध्ये नेटस्केपच्या दुसऱ्या आवृत्तीतून ती लोकांच्या हाती आली, आणि पानावरचे बटण टिचकी ऐकून जागच्या जागी काम करू लागले.

येथेच प्रश्न उपजला. वेबपान म्हणजे कप्प्यात कप्पा. बटण ओळीत, ओळ तक्त्यात, तक्ता पानात. बटणावर मारलेली टिचकी ओळीवरही पडते आणि पानावरही. मग तिची वर्दी प्रथम कोणाला द्यावी?

१९९७ साली दोन कंपन्यांनी दोन उत्तरे दिली. नेटस्केप म्हणाली, आधी सर्वांत बाहेरच्याला, मग आत. मायक्रोसॉफ्ट म्हणाली, आधी बटणाला, मग बुडबुड्यासारखी वर. आपल्याला दोन्ही रीती परक्या नाहीत. सरकारी हुकूम जिल्ह्याहून तालुक्याला व तालुक्याहून गावाला उतरतो. शेतकऱ्याचा अर्ज गावातून तालुक्याला व तेथून जिल्ह्याला चढतो. परंतु या भांडणात पान रचणाऱ्याची कुतरओढ झाली. एकाच कामासाठी त्याला दोनदा लिहावे लागे.

वेबचे नियम ठरविणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने नोव्हेंबर २००० मध्ये निवाडा दिला. टिचकी प्रथम वरून खाली उतरेल, बटणापाशी पोचेल, मग पुन्हा वर चढेल. कोणत्या फेरीत ऐकायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. निवाडा सुज्ञ होता, पण अंमल लांबला. मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरने तो २०११ च्या नवव्या आवृत्तीत मानला. मधल्या काळात जॉन रेसिग यांच्या २००६ च्या जेक्वेरीसारख्या साधनांनी हा भेद झाकून वेळ निभावली.

तथापि या नियमाने आणखी एक अधिकार दिला. वाटेतील कोणताही कप्पा टिचकी तेथेच अडवू शकतो. खाली अडविली तर वर वाट पाहणाऱ्याला वर्दीच पोचत नाही. वर अडविली तर बटण मुके राहते, आणि ऑनलाइन अर्ज भरणारा शेतकरी पुन्हा पुन्हा टिचकी मारीत बसतो. त्याला वाटते, चूक आपलीच. वस्तुतः वाट दुसऱ्याच कोणी तरी बंद केलेली असते. म्हणून वाट अडविण्यापूर्वी तिच्या टोकाशी कोण उभे आहे, हे पाहणे अगत्याचे. संगणकावर आणि कारभारातही.