धातूनें निवडलेलें बियाणें

कुंडलिकेच्या एका तीरास जुनें जालना व दुसऱ्या तीरास नवें, म्हणजे पूर्वीचें कादराबाद, अशी या शहराची वांटणी आहे. आज त्याचा लौकिक दोन धंद्यांवर आहे. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं येथें संकरित बियाण्याची कंपनी काढली. आणि भंगार वितळवून सळया करणाऱ्या भट्ट्याही येथेंच वाढल्या. बीं आणि पोलाद यांचा परस्परांशीं संबंध तो काय, असें कोणीही विचारील. परंतु धातु हाही बियाण्याची निवड करीत असतो, व ती मनुष्याहून अधिक निर्दयपणें करतो. त्या निवडीचा शोध कसा लागला, हें येथें सांगावयाचें आहे.

लोखंड हा वनस्पतींचा मोठा वैरी नव्हे; आमची काळी माती ज्या कातळापासून झाली त्यांतच तें विपुल आहे. खरें विष निराळें. भंगारांत जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे असतात. ते भट्टींत पडले म्हणजे जस्ताची वाफ होऊन तें धुळीवाटें बाहेर येतें, व त्याबरोबर शिसेंही येतें. अशा धातूंनीं माती भरली कीं बहुतेक रोपांचीं मुळें खुंटतात. तरीही कांहीं तण तगतें.

झाडावरून भूगर्भांतील गोष्ट ओळखण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत, झाडें व वारुळें पाहून पाणी कोठें लागेल हें सांगणारा सबंध अध्याय घातला. युरोपांत अॅग्रिकोला या जर्मन पंडितानें, १५५६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत, खनिजाच्या शिरेवरील झाडांचीं पानें निळसर दिसतात असें लिहिलें. पण दोघांनींही झाडाकडे केवळ खूण म्हणून पाहिलें. झाडावर काय बेततें, हा प्रश्न विसाव्या शतकाचा.

१९३४ सालीं प्राट यांनीं तांब्याच्या खाणीवरील एका रानफुलास तांबें अधिक सोसतें, हें दाखविलें. १९५२ सालीं ब्रॅडशॉ यांनीं वेल्समधील शिशाच्या जुन्या खाणीवरील गवताविषयीं लिहिलें. त्याच जातीचें गवत शेजारच्या कुरणांतही होतें. दोन्हीं खाणीच्या मातींत लावून पाहिलीं असतां कुरणांतलें खुंटलें, खाणीवरचें वाढलें. सोशीकपणा अंगवळणीं पडलेला नव्हता; तो बियांतूनच आलेला होता. पुढें १९६६ सालीं जैन व ब्रॅडशॉ यांनीं दाखविलें कीं, वारा पराग इकडून तिकडे नेत असतांही थोड्याच मीटरांच्या अंतरावर सोशीक व नाजूक गवतें वेगळीं राहतात.

सर्वांत बोलका प्रयोग १९७४ चा. साध्या कुरणाचें बीं तांब्याच्या मातींत पेरलें, तेव्हां हजारांत एखाददुसरें रोप तगलें. कांहीं जातींचें तर एकही नाहीं. निसर्ग वनस्पतीस सोसावयास शिकवितो, असें आपण वर्गांत सांगत आलों, मीही सांगितलें आहे. तें बरोबर नव्हे. तो उरलेलीं मारून टाकतो, इतकेंच. आणि जगलेल्याचाही तोरा सर्वत्र चालत नाहीं: चांगल्या मातींत हें सोशीक गवत साध्या गवतापुढें मागें पडतें.

बारवाले यांनीं आरंभीं रोगास न जुमानणारी पुसा सावनी भेंडी हातीं घेतली होती. वेल्समधल्या गवताचेंही तसेंच झालें. गोगिनन, पॅरिस व मर्लिन या नांवांनीं खाणींवरून निवडलेलें बियाणें बाजारांत आलें व उजाड ढिगारे त्यानें हिरवे करण्यांत आले. त्यांतील पहिलीं दोन नांवें खाणींचींच आहेत.

आमच्या गणपतीस वाहावयाची हरळीही या कुळांतली. चीनमधील ग्वांगडुंग प्रांतांत शिसें-जस्ताच्या खाणींच्या गाळावर ती वाढते, आणि तेथील हरळी अन्यत्रच्या हरळीहून त्या धातूंस अधिक सोशीक असल्याचें २००२ सालीं प्रसिद्ध झालें. जालन्यांतील कॉलेजच्या विद्यार्थ्यांस हा प्रयोग एका पावसाळ्यांत करतां येईल: एक हरळी भट्टीजवळची, दुसरी जुन्या जालन्यांतील एखाद्या मळ्याच्या बांधावरची, आणि दोन्हींस माती भट्टीजवळचीच. तेथें गुरें सोडावींत कीं नाहीं, हें मात्र कुंडीवरून ठरावयाचें नाहीं. सोशीक गवत बराचसा धातु मुळांत अडवून धरतें, पण थोडा पानांत चढतोच, आणि पानावर धूळ बसते ती निराळी. त्याकरितां पानांतलें शिसें मोजावेंच लागेल.