द्राक्षबागेची पाठशाळा

आपल्या ज्ञातीतील काही कुटुंबांचा चरितार्थ आज द्राक्षबागांवर चालतो. ही विद्या आपल्या घरांत कशी आली, हे तरुण पिढीस ठाऊक असावे, या हेतूने आम्ही या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहीत आहोत.

नाशिक जिल्ह्यात ओझर येथे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ साली द्राक्षलागवडीस आरंभ केला. तो या भागातील द्राक्षशेतीचा पाया मानला जातो. त्या काळी भोकरीसारख्या जाती असत व वेल पांगाऱ्याच्या खुंटांवर चढवीत. पुढे मांडव आले, अनाबेशाही आली, बिनबियांची थॉमसन आली. परंतु सामान्य शेतकऱ्यास या साऱ्याचे शिक्षण कोणत्या शाळेत मिळणार? थोरल्या बागायतदाराचा बांध हीच त्याची पाठशाळा होती.

आमच्या घरचाच दाखला देतो. १९७४ साली वडिलांनी आईचे दागिने गहाण ठेवून अर्धा एकर थॉमसन लावली. १९७५ च्या ऑक्टोबरात जुन्या सवयीने काडी आखूड छाटली. वेली हिरव्यागार झाल्या, परंतु घड औषधालाही दिसेना. शेजारच्या गावी एक मोठे बागायतदार होते. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते. त्यांच्या दारी जाऊन आपले अज्ञान कसे कबूल करावे, या संकोचात वडिलांचे वर्ष गेले. अखेर आई म्हणाली, "सावकाराच्या दारी जाताना लाज वाटली नाही, मग शिकायला जाताना कसली?"

१९७६ च्या छाटणीपूर्वी वडिलांसह आम्हीही वही घेऊन गेलो. त्या गृहस्थांनी सबंध दिवस आम्हांस दिला. थॉमसनच्या काडीचे बुडाजवळचे डोळे बहुधा वांझ असतात, घड पुढच्या डोळ्यांत असतो, म्हणून काडी लांब राखावी. आणि एप्रिलच्या खरडछाटणीनंतर काडीला ऊन मिळावे, कारण घड त्याच वेळी डोळ्यांत ठरतो, हे त्यांनी समजाविले. मोरचूद व चुन्याच्या मिश्रणात विळ्याचे स्वच्छ पाते बुडवावे, त्यावर तांबे चढल्यास चुना वाढवावा, हेही दाखविले. मग आपली कात्री वडिलांच्या हाती देऊन ते म्हणाले, "आता तुम्ही छाटा, मी पाहतो."

त्या हंगामात घड लागले. दागिने सारे सुटले नाहीत, परंतु आईच्या पाटल्या परत आल्या. पुढे आमच्या बांधावर जो कोणी आला, त्यास वडिलांनी कधी विन्मुख पाठविले नाही.

१९९७ पासून पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र कार्य करीत आहे, ही भाग्याची गोष्ट होय. तथापि तासगाव भागातील तास-ए-गणेश किंवा सोलापूरकडील नान्नजची सोनाका या जाती बागायतदारांनीच आपल्या बागेत डोळसपणे हेरल्या, हे विसरू नये.

ज्यांच्या बागा आज मोठ्या आहेत, त्यांनी आपले फाटक लहान शेतकऱ्यास, तो कोणत्याही ज्ञातीचा असो, उघडे ठेवावे. आणि लहानांनी विचारण्याची लाज धरू नये, एवढेच आमचे नम्र मागणे आहे.