धबधबा, मळसूत्र आणि हजेरीपट

संगणकाची प्रणाली कोणत्या रीतीने बांधावी हा प्रश्न इंजिनिअरांचा, आपला नव्हे, असे आम्हीही पुष्कळ वर्षे समजत होतो. मजुरांची हजेरी संगणकाच्या हाती गेली, तेव्हा तो समज सुटला.

१९७० साली विन्स्टन रॉइस या अमेरिकन इंजिनिअराने मोठ्या प्रणालींच्या बांधणीवर एक निबंध लिहिला. आधी गरजा लिहून घ्याव्या, मग आराखडा, मग बांधणी, मग चाचणी, शेवटी वापर, अशा उतरत्या पायऱ्यांची आकृती त्यात होती. पुढे लोकांनी तिला ‘धबधबा’ असे नाव दिले आणि ती जगभर चालविली. गंमत अशी की, ही सरळ उतरण धोक्याची आहे, चाचणीत दोष निघाला तर सारे काम मागे फिरते, हे खुद्द रॉइसनेच तेथे लिहिले होते. लोकांनी आकृती पाहिली, मजकूर वाचला नाही! (वेतनकरारांचेही पुष्कळदा असेच होते.) १९८६ साली बॅरी बोएमने मळसूत्री पद्धत मांडली, तिच्यात प्रत्येक फेऱ्याला सर्वांत मोठा धोका आधी तपासायचा. २००१ साली युटा प्रांतात १७ जणांनी जाहीरनामा काढला, त्याचा मथितार्थ थोडे करा, दाखवा, सुधारा.

ही रीत महाराष्ट्राला परकी नव्हती. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात योजना फैलावली. कायदा झाला १९७७ साली.

धबधबा सर्वस्वी टाकाऊ, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. वैनगंगेवरचा पूल थोडाथोडा बांधून वापरून पाहता येत नाही. कारखान्याच्या वेतनपत्रकाचे नियमही करारात आधीच ठरलेले असतात. तेथे पायरीपायरीने जाणेच बरे.

रानातल्या कामाचे तसे नाही. २०२१ च्या मे महिन्यात केंद्राने मनरेगाच्या हजेरीसाठी मोबाइल ॲप आणले. मे २०२२ पासून २० वा अधिक मजुरांच्या कामांवर आणि १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामे सोडून बाकी सर्व कामांवर ते सक्तीचे झाले. दिवसातून दोन छायाचित्रे, वेळेच्या व ठिकाणाच्या नोंदीसह. वरवर पाहता ही टप्प्याटप्प्याचीच रीत झाली. पण टप्पे मजुरांच्या संख्येवर पाडले होते, धोक्यावर नव्हे. भामरागड-एटापल्लीकडे धोका संख्येचा नव्हताच, तो रेंजचा होता. शिवाय उन्हाळ्यात भल्या पहाटे माती काढून दुपारपूर्वी घरी जाणाऱ्या बाईला दुसऱ्या छायाचित्रासाठी ताटकळत बसणे आले. पुढे रेंजबाहेर टिपलेली हजेरी नंतर चढविण्याची सोय झाली, दुसरे छायाचित्र पहिल्यानंतर चार तासांनी घेता येऊ लागले, अडचणीच्या जागी सूट देण्याचा अधिकार जिल्ह्याला मिळाला. सुधारणा खरी, पण तोवरची चाचणी मजुराच्या रोजावर झाली होती.

आम्ही मागत होतो ते एवढेच की, नवी प्रणाली आली की पहिला महिना कागदी हजेरीपट तिच्या जोडीने चालावा, मजुरी कागदावरून मिळावी, आणि प्रयोगाचे पहिले गाव चंद्रपूर शहरालगतचे न घेता भामरागडपलीकडचे घ्यावे.