इलिनॉयची निवडणूक

अमेरिकेंतील इलिनॉय राज्य १८५८ सालीं मुख्यतः शेतकऱ्यांचेंच होतें. त्या वर्षीं तेथें सेनेटच्या एका जागेसाठीं स्टीफन डग्लस व अब्राहम लिंकन यांची झुंज लागली. पण मतदारांस या दोघांपैकीं कोणासही थेट मत देण्याची सोय नव्हती! त्यांनीं राज्य विधिमंडळाचे सभासद निवडावयाचे आणि सेनेटर त्या सभासदांनीं ठरवावयाचा. ही रीत १९१३ पर्यंत चालली.

तरीहि सात गांवीं दोघे समोरासमोर उभे राहिले. पहिल्यानें एक तास बोलावें, दुसऱ्यानें दीड तास, मग पहिल्यानें पुन्हां अर्धा तास. वाद गुलामगिरीचा. फ्रीपोर्ट येथें लिंकननें विचारलें, राज्य होण्यापूर्वीं एखाद्या नव्या प्रदेशांतील जनतेस गुलामगिरी कायद्यानें रोखतां येईल काय? डग्लस म्हणाला, येईल. स्थानिक कायद्यांचें पाठबळ नसेल तर ती टिकणारच नाहीं. दक्षिणेकडील मळेवाले या उत्तरानें बिथरले. लिंकनही तेव्हां समतेचा पुरस्कर्ता नव्हता. गोऱ्या-काळ्यांच्या सामाजिक व राजकीय समतेस आपण अनुकूल नाहीं, असें त्यानें चार्ल्सटन येथें स्पष्ट सांगितलें. त्याच्या भक्तांनीं तें झांकूं नये.

नोव्हेंबरांत लिंकनच्या रिपब्लिकन पक्षास एकंदर मतें अधिक पडलीं. परंतु मतदारसंघांची वांटणी जुनी, वाढत्या उत्तर भागास अन्याय करणारी. ५ जानेवारी १८५९ रोजीं विधिमंडळानें ५४ विरुद्ध ४६ मतांनीं डग्लसलाच निवडलें.

दक्षिणेनें मात्र फ्रीपोर्टचें उत्तर विसरलें नाहीं. १८६० सालीं डग्लसचा डेमोक्रॅटिक पक्ष दुभंगला आणि लिंकन अध्यक्ष झाला. पराभवानंतर त्यानें या वादाचीं वृत्तपत्रांतील कात्रणें एका वहींत चिकटवून ठेवलीं होतीं; त्या निवडणुकीपूर्वींच तीं ओहायोंतील कोलंबस येथें पुस्तकरूपानें छापून निघालीं होतीं.