तुरुंगातून सुटल्यावर व्यसन पुन्हा लागू नये म्हणून : फोनवर कुठे मिळते मदत? वाचा सविस्तर

खडकवासला : घरातला माणूस जेलमधून सुटून आला की घरच्यांना वाटतं, आत एवढे महिने दारू-गर्द बंदच होतं, म्हणजे व्यसन सुटलं. तसं नसतं. आत फक्त मिळणं कमी झालेलं असतं, ओढ तशीच राहते. म्हणून सुटल्यानंतरचे पहिले १५ दिवस सगळ्यात जपायचे.

पहिले १५ दिवस धोक्याचे का?

बंद काळात शरीराची नशा पचवायची सवय मोडते. बाहेर आल्यावर जुन्या दोस्तांबरोबर पूर्वीइतकंच प्रमाण घेतलं, तर तेच जिवावर बेतू शकतं. गर्द आणि नशेच्या गोळ्यांच्या बाबतीत हा धोका फार मोठा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत कैद्यांच्या मृत्यूचा धोका इतर लोकांच्या १२ पटींहून जास्त दिसला. त्यात सगळ्यात मोठं कारण होतं अमली पदार्थांचा अतिडोस.

फोनची मदत कशाला?

पुण्यात उपचाराची सोय जुनी आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पण येरवडा शहराच्या दुसऱ्या टोकाला. खडकवासला, डोणजे, पानशेतकडच्या माणसाला तिथे जायचं म्हणजे एक रोज बुडतो. त्यात ‘जेलमधून आलाय’ ही गावातली कुजबुज. अशा वेळी रात्री तलफ आली तर हातातला फोनच कामी येतो.

कुठे फोन करायचा?

- १४४४६ : केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन. टोल फ्री. समुपदेशन मिळतं, जवळच्या केंद्राची माहितीही विचारता येते.
- १४४१६ : टेली-मानस. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. २४ तास, मराठीतही बोलता येतं. झोप न लागणं, घाबरल्यासारखं होणं, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटणं, काहीही सांगा.
- १५१०० : मोफत कायदेशीर मदत. जामिनाच्या अटी समजत नसतील तर इथे विचारा.
- १०८ : माणूस बेशुद्ध पडला, श्वास मंदावला, ओठ निळे पडले तर आधी हाच नंबर. झोपलाय म्हणून सोडू नका, एका कुशीवर वळवून ठेवा.

या नंबरांना साधा फोनही चालतो, नेट लागत नाही.

ऑनलाइन सभा म्हणजे काय?

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ‘एए’, ही दारू सोडलेल्या लोकांची १९३५ पासूनची संघटना. फी नाही, आडनाव सांगायचं नाही. लॉकडाऊनपासून झूमवरच्या सभा रुळल्या. कॅमेरा बंद ठेवून, नुसतं ऐकत बसलं तरी चालतं. गर्द आणि इतर नशेसाठी नार्कोटिक्स अनॉनिमस, तर घरच्यांसाठी अल-अॅनॉन आहे. सभेत जुना सोडलेला एखादा माणूस ‘स्पॉन्सर’ म्हणून मिळाला की तलफ आल्यावर थेट त्याला फोन करता येतो.

घरच्यांनी काय करावं?

१. सुटायच्या आधीच, मुलाखतीला गेल्यावर बोलून ठरवा : पहिला फोन कुठे करायचा, डॉक्टरांकडे कधी जायचं.
२. जेलमध्ये चालू असलेल्या गोळ्यांचा कागद मागून घ्या. गोळ्यांमध्ये खंड पडू देऊ नका.
३. सुटलेल्याकडे फोन नसेल तर घरातला एक फोन सभेच्या वेळेला मोकळा ठेवा.
४. टोमणे नकोत. आणि हातात एकदम मोठी रक्कमही नको.
५. हेल्पलाइनच्या नावाने कोणी ओटीपी किंवा पैसे मागितले तर फोन ठेवा.

हे विसरू नका

फोन म्हणजे दवाखाना नव्हे. रोज पिणं पुन्हा सुरू झालं असेल तर एकदम बंद केल्यावर फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. तिथे डॉक्टरच पाहिजेत. ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ऑनलाइन सभेला बसलो म्हणून पोलिस ठाण्यातली हजेरी किंवा कोर्टाची तारीख चुकवता येत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रासही येतात. त्यामुळे उपचार मागणं हा हक्क आहे आणि उपचाराची माहिती गुप्त ठेवली जाणं हाही. एकदा पाय घसरला म्हणजे सगळं संपलं असं नाही. त्याच दिवशी पुन्हा फोन लावा.