चित्र का तुटत होतं: इंदूरच्या गेरमधले साडेतेरा तास

जेल रोडवरच्या आमच्या टेबलावर दुरुस्तीला येणारे ड्रोन बहुतेक झाडात अडकलेले नाहीतर पाण्यात पडलेले असतात. हा लोखंडावर आदळला होता, रंगपंचमीच्या दुपारी, राजवाड्याजवळ, गेर म्हणजे रंगाची मिरवणूक ऐन भरात असताना. उडवणारा रामबागेतला तरुण. लग्नांचं शूटिंग करतो, हात चांगला आहे. त्याच्या मोबाइलमधला उड्डाणाचा लॉग, मेमरी कार्ड आणि मोडलेलं यंत्र असं तिन्ही समोर होतं, म्हणून घडलेलं मिनिटामिनिटाने लावता आलं. त्याला विचारून, नाव न घेता, ते इथे मांडतो आहे.

आदली रात्र, १०.४०

खोलीत ड्रोन सुरू केला. स्क्रीनवर चित्र स्वच्छ. कॅमेरा वळतोय, झुकतोय, रेकॉर्डिंग होतंय. सगळं ठीक म्हणून बॅटऱ्या चार्जिंगला लागल्या.

खोलीतल्या या तपासणीतून कॅमेरा, त्याची रिबन केबल आणि ॲप ठीक असल्याचं कळतं. रेडिओच्या वाटेबद्दल काहीच कळत नाही. दोन मीटरवर अँटेना निखळलेली असली तरी चित्र येतं. आठवड्यापूर्वी एका शूटिंगला ड्रोन जोरात उतरला होता आणि पुढचा डावा पाय मोडला होता. बाजारातून पाय आणून घरीच बसवला. या जातीच्या घडीच्या ड्रोनमध्ये अँटेना पुढच्या दोन पायांतच असतात. तिथून केसासारखी बारीक वायर आत बोर्डापर्यंत जाते आणि जेमतेम दोन मिलिमीटरच्या कनेक्टरने दाबून बसते. पाय बदलताना ती ओढली गेली की कनेक्टर अर्धवट उचलला जातो. बाहेरून काहीही दिसत नाही.

सकाळी ८.१५

राजवाड्यामागच्या एका तिमजली घराची गच्ची. परवानगीचा कागद खिशात होता. तो लागतोच, कारण राजवाडा विमानतळापासून सरळ रेषेत सहा किलोमीटरच्या आत येतो आणि ‘ड्रोन नियम २०२१’नुसार अशा पट्ट्यात मंजुरीशिवाय उडवता येत नाही.

उपग्रह पुरेसे सापडले आणि गच्ची ‘होम पॉइंट’ म्हणून नोंदली गेली. संपर्क तुटला तर ड्रोन आपोआप इथे परतणार. परतताना किती उंचीवरून यायचं, तो आकडा सेटिंगमध्ये ३० मीटर होता. मागच्या महिन्यात बायपासकडच्या एका मोकळ्या मॅरेज गार्डनसाठी ठेवलेला. ही उंची जिथून उडालो तिथून मोजली जाते. शेजारच्या इमारतीवर मोबाइल टॉवर होता आणि त्याचं टोक गच्चीपासून ३० मीटरच्या वर जात होतं.

९.२०

पहिला झटका. चित्राचे चौकोनी तुकडे झाले, दोन सेकंदांत परत जुळले. मदतीला आलेला मुलगा म्हणाला, “दादा, केबल ढिली वाटतेय.” मोबाइल आणि रिमोटमधली केबल बदलली. चित्र सुरळीत सुरू झालं, आणि दोष केबलवर टाकून विषय मिटला.

लॉगमध्ये त्या क्षणाची नोंद अशी आहे: अंतर १४० मीटर, उंची ३५ मीटर, ड्रोनची डावी बाजू गच्चीकडे. केबल बदलेपर्यंत ड्रोनने तोंड फिरवलं होतं. उजवी अँटेना गच्चीसमोर आली, म्हणून चित्र परतलं.

१०.०५

दुसरा झटका, चार सेकंदांचा. या वेळी त्याने ड्रोन उतरवला आणि कार्डावरचं रेकॉर्डिंग पाहिलं. एकही फ्रेम गळालेली नव्हती.

दिवसभरातला सगळ्यात मोलाचा पुरावा याच वेळी त्याच्या हातात होता. कॅमेरा कार्डावर लिहितो तो थेट. स्क्रीनवर दिसतं ते हवेतून आलेलं असतं. कार्ड स्वच्छ आणि स्क्रीन तुटकी, म्हणजे दोष बहुधा या दोहोंच्या मधल्या रेडिओत आहे. त्याने त्याचा अर्थ लावला की ड्रोन ठीक आहे, मोबाइल दमलाय. ॲप बंद करून पुन्हा उघडलं, साठलेला कचरा पुसला. खाली ऑर्डर देणारे लोक वाट बघत असताना माणूस असाच विचार करतो, हे मी रोज पाहतो.

१०.५०

गेर निघाल्या. टोरी कॉर्नर, संगम कॉर्नर, रसिया कॉर्नर, मॉरल क्लब यांच्या गेर, आणि नृसिंह बाजारातली राधाकृष्ण फाग यात्रा. होळकरांच्या काळापासूनचा हा रिवाज. टँकरवरच्या मोटरी पाणी उडवतात, यंत्रांतून गुलाल इमारतींच्या वर जातो. खजुरी बाजार ते सराफा पाय ठेवायला जागा राहत नाही.

रेडिओच्या दृष्टीने हा जमाव म्हणजे दुहेरी अडचण. ड्रोनचं चित्र २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झवर येतं. ते परवाना न लागणारे पट्टे आहेत, त्यामुळे वायफाय, हॉटस्पॉट, ब्लूटूथ सगळे तिथेच बोलतात. शिवाय पाणी या लहरी शोषतं, आणि माणसाचं शरीर बहुतांशी पाणीच. सकाळी सव्वाआठला रिकाम्या चौकात जी तुटकी वाट कशीबशी पुरत होती, तिच्यासाठी आता काहीच शिल्लक उरली नाही.

त्याने चॅनेल ‘ऑटो’वरून काढून २.४च्या एका चॅनेलवर पक्कं केलं. कुणीतरी पूर्वी सांगितलेलं होतं. पण गर्दी दर मिनिटाला सरकत असते. ऑटोवर यंत्र स्वतः मोकळी जागा शोधत राहतं. पक्कं केल्यावर ते गोंगाटातच बसून राहिलं.

११.३५

स्क्रीनवर सूचना आली की पुढचे सेन्सर झाकले गेले आहेत. गुलालाचा थर बसला होता. अडथळा ओळखून थांबणं याच सेन्सरांचं काम. सूचना अंगठ्याने बाजूला सारली गेली, कारण सगळं लक्ष चित्राकडे होतं.

चित्र आता गोठत होतं. काळं पडलेलं चित्र माणसाला सावध करतं. गोठलेलं खरं वाटतं, आणि ते तीन सेकंद जुनं असू शकतं. ओळखायची खूण त्याच स्क्रीनवर असते. चित्र थांबलेलं आणि कोपऱ्यातले उंची-अंतराचे आकडे मात्र हलतायत, तर ड्रोनशी बोलणं अजून चालू आहे. चित्राला खूप माहिती पाठवावी लागते, आकड्यांना आणि हुकमांना अगदी थोडी, म्हणून वाट अरुंद झाली की आधी चित्र जातं. तेव्हा रिमोटच्या काठ्या सोडायच्या, ड्रोनला जागीच थांबू द्यायचं, मान वर करून तो कुठे आहे ते डोळ्यांनी पाहायचं.

असा दगा मोठ्यांनाही होतो. इटलीतल्या मदोन्ना दी कांपीलियोच्या बर्फावर २२ डिसेंबर २०१५च्या रात्री स्कीपटू मार्सेल हिर्शर शर्यत करत उतरत असताना चित्रीकरणाचा एक ड्रोन त्याच्या पाठीमागे अगदी हाताच्या अंतरावर कोसळला. चित्रीकरण करणाऱ्या कंपनीने प्राथमिक कारण दिलं, ते वापरातल्या फ्रिक्वेन्सीवर अचानक आलेला जोरदार व्यत्यय. तिथे अनुभवी पायलट होता, मोठी यंत्रणा होती. हिर्शर दुसरा आला आणि आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने शर्यतींमधून ड्रोन हटवले. व्यत्यय कुणालाही येतो. आमच्याकडे त्याच्या जोडीला निखळलेली अँटेना होती, आणि ती सकाळपासून ओरडून सांगत होती.

१२.०८

राजवाड्याच्या पुढच्या भव्य दारावर गुलाल उडताना हवा होता, म्हणून ड्रोन २० मीटरपर्यंत खाली आला. आता मध्ये इमारतींच्या कडा होत्या. चित्र गोठलं.

१२.०९

पायलटला वाटलं ड्रोन दाराकडे सरकत नाहीये. त्याने काठी डावीकडे अजून दाबली. ड्रोन केव्हाच वळला होता, आणखी वळला, आणि डावी बाजू पुन्हा गच्चीकडे आली. धडधाकट अँटेना बॅटरी आणि धडाच्या आड गेली. आकडेही थांबले.

१२.१०

संपर्क तुटलेला पाहून ड्रोनने त्याला शिकवलेलं केलं. वर चढला, ३० मीटरवर थांबला, गच्चीकडे तोंड केलं आणि निघाला. तोंड वळताच अँटेना समोर आली, संपर्क परतला, चित्रही आलं. स्वच्छ, हलतं चित्र. त्यात टॉवरची जाळी मोठी होत गेली. मुलगा ओरडला, “दादा, थांबवा!” पायलटने काठी मागे खेचल्याचं लॉगमध्ये दिसतं. तोवर पुढचा पंखा सळईला लागला होता.

ड्रोन टॉवरखालच्या पत्र्याच्या शेडवर पडला. बॅटरी फुगली, धूर आला, वाळू टाकून विझवली. शेडखाली कुणी नव्हतं. पन्नास पावलांवर रस्त्यात हजारो माणसं होती. सुमारे ९०० ग्रॅमची वस्तू ३० मीटरवरून पडली तर हवेचा रोध सोडला असता ताशी ८७ किलोमीटर वेगाने खाली येते. टँकरवर बापांच्या खांद्यांवर बसलेली मुलं मी दरवर्षी पाहतो, म्हणून हा आकडा मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक ड्रोनवाल्याला सांगतो.

दोन दिवसांनी, टेबलावर

डावा पाय उघडला. कनेक्टर बोर्डावर टेकलेला होता, बसलेला नव्हता. चिमट्याच्या टोकाने दाबला तेव्हा खट् असा आवाज आला.

लॉगमध्ये त्या दिवशी चित्र एकूण सात वेळा तुटल्याची नोंद आहे. सातही वेळा डावी बाजू गच्चीकडे. हा दोष शोधायला हत्यार लागत नाही. मोकळ्या मैदानात ड्रोन शंभर मीटरवर थांबवायचा, सावकाश एक पूर्ण गिरकी द्यायची आणि सिग्नलच्या रेषा पाहायच्या. एकाच दिशेला त्या पडल्या तर पाय उघडायचा. पाच मिनिटांचं काम आहे. त्याचा नवा ड्रोन आला तेव्हा ते आम्ही शहराबाहेर, उडवायला मुभा असलेल्या शेतात जाऊन केलं, आणि परतीची उंचीही तिथेच, दर जागेनुसार नव्याने भरायची म्हणून त्याच्या वहीत पहिल्या ओळीवर लिहून घेतली.