दादरची घरे : चाळीपासून मनोऱ्यापर्यंत

बडोद्याच्या मराठी माणसाला मुंबई म्हटली की प्रथम दादर आठवते. 'बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे' या नावातच ही दोन शहरे एकमेकांना जोडली गेली होती. त्या रुळांवरून गेलेल्या आपल्या वाडवडिलांचा मुंबईतील मुक्काम पुष्कळदा दादर-परळ-नायगावच्या एखाद्या चाळीत नाहीतर तीन मजली इमारतीत असे. शिक्षण, नोकरी, लग्नकार्य, रुग्णालय, निमित्त कोणतेही असो, पत्ता तोच. आज तो पत्ता शोधीत गेलेल्या माणसाला त्या जागी पत्र्याचे कुंपण तरी दिसते, किंवा मान वर करूनही शेवटचा मजला न दिसणारा मनोरा तरी. 'जुने सारे संपले' असा उसासा काही जण टाकतात, तर 'गरिबाला अखेर हक्काचे घर मिळाले' असे समाधान काही जण व्यक्त करतात. ही दोन्ही मते भावनेवर उभी आहेत. दादरच्या परिसरात घरे पाडणे आणि पुन्हा बांधणे हा गेल्या सव्वाशे वर्षांचा क्रम आहे. तो नीट पाहिला तर कोणते टिकले, कोणते गेले आणि का गेले, याचा काही उलगडा होतो.

'दादर' या शब्दाचा अर्थच जिना किंवा पूल असा आहे. या नावाची व्युत्पत्ती काहीही असो, गावाने ते सार्थ केले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली. १८६७ मध्ये विरारकडून मुंबईकडे येणारी उपनगरी गाडी सुरू झाली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला आणि बी. बी. सी. आय. या दोन स्वतंत्र कंपन्यांचे मार्ग दादरला इतके जवळ येतात की एका पुलावरून दोन्हीकडे उतरता येते. १९२५ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला आणि १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या धावू लागल्या, तेव्हा भातखाचरे आणि माडांच्या बागा असलेले हे खेडे शहराचे मध्यवर्ती नाके होऊन बसले. स्थानकाजवळच्या जागेला मोल येते ते असे. ती मोकळी राहत नाही, आणि एकदा बांधली म्हणजे कायमची बांधली असेही होत नाही.

दादरची पहिली पद्धतशीर आखणी प्लेगच्या भयातून झाली. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग प्रकटला. कोंदट, अंधाऱ्या आणि दाट वस्तीतच रोग फैलावतो, अशी तेव्हाच्या राज्यकर्त्यांची धारणा झाली आणि १८९८ च्या कायद्याने 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. शहराच्या पोटातील दाट वस्त्या फोडायच्या, रुंद रस्ते काढायचे आणि उत्तरेकडे नवी वस्ती वसवायची, असा त्याचा कार्यक्रम होता. दादर-माटुंगा आणि शीव-माटुंगा या योजना त्यातूनच निघाल्या. ट्रस्टचे एक प्रमुख जेम्स ऑर यांनी घरातील उजेडासाठी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम पुढे मांडला. साध्या भाषेत सांगायचे तर, खिडकीसमोरची मोकळी जागा समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मी असावी. पन्नास फूट उंचीच्या इमारतीपुढे पंचवीस फुटांचे अंगण. दादर-माटुंग्याच्या जुन्या गल्ल्यांत आजही जे आभाळ दिसते, त्याच्यामागे ही मोजणी आहे.

याच आखणीत माटुंग्याच्या 'फाइव्ह गार्डन्स' आल्या. मंचेरजी जोशी या पारशी अभियंत्याने खटपट करून आपल्या समाजातील मध्यमवर्गीयांसाठी १०३ भूखंड राखून घेतले आणि पारशी कॉलनी उभी राहिली. शेजारी हिंदू कॉलनी वसली. रुळांच्या पश्चिमेस १९२५ मध्ये महापालिकेने मैदान केले. शिवरायांच्या जन्माला तीनशे वर्षे झाल्याचे औचित्य साधून १९२७ मध्ये, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने, त्याला 'शिवाजी पार्क' हे नाव मिळाले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बागा, मैदान आणि राखीव भूखंड ही सारी नकाशावर आखलेली, ठरावात लिहिलेली होती. शंभर वर्षांनंतरही ती जागेवर आहेत.

दुसरी बाजू मात्र तितकी उजळ नाही. ट्रस्टने सुरुवातीच्या काळात गरिबांच्या जितक्या खोल्या पाडल्या, तितक्या नव्या बांधल्या नाहीत. निघालेली माणसे दादरच्या नव्या भूखंडांवर आली नाहीत. ती शेजारच्या चाळींत अधिक दाटीने राहू लागली. १९११ च्या खानेसुमारीत मुंबईचे शेकडा ६९ लोक एका खोलीत संसार करीत होते. पुढे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० मध्ये, 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' निघाले आणि त्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे २०७ चाळी उभारल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीला १२. हीच आपली 'बीडीडी चाळ'. प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक, आणि मधून जाणारा लांब बोळ.

घराचा प्रश्न हा केवळ चौरस फुटांचा नसतो, हे बडोदेकरांनी तरी विसरता कामा नये. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. पारशी पथिकाश्रमातून त्यांना बाहेर काढण्यात आले आणि ते मुंबईस परतले. परळच्या ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांत त्यांच्या कुटुंबाने सुमारे दोन दशके काढली. पुढे १९३० नंतरच्या वर्षांत त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले, ते मुख्यतः आपल्या ग्रंथसंग्रहासाठी. चाळ आणि कॉलनी ही एकाच ट्रस्टची दोन अपत्ये. एका विद्वानाने दोन्हींत वास्तव्य केले. पुस्तकांसाठी घर बांधणारा हा पुरुष ज्या गावातून घराअभावी परत गेला, त्या गावच्या ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात ही नोंद असणे उचित होय.

चाळीच्या सामाजिक जीवनाविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे. त्याची पुनरुक्ती नको. एवढेच सांगावे की चाळीत खोली लहान असली तरी घर लहान नव्हते. गॅलरी, जिना, अंगण, तळमजल्यावरचे मंडळाचे कार्यालय आणि कोपऱ्यातील वाचनालय मिळून ते घर पुरे होई. मुले गॅलरीत अभ्यास करीत, उन्हाळ्यात पुरुषमंडळी तेथेच चटई अंथरून निजत. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी १८९८ मध्ये स्थापन झालेली संस्था दादर पूर्वेला स्थिरावली, छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ नंतर प्रायोगिक रंगभूमीने एक पर्व घडविले, यामागे स्थानकापासून पायी अंतरावर राहणारा हा वाचक-प्रेक्षक होता. कामावरून सुटलेला माणूस गाडीतून उतरून थेट ग्रंथालयात जाई. मात्र चाळीतील या सामाईक जागांची नोंद कोणत्याही कागदावर नव्हती. भाडेपावती खोलीची होती. गॅलरी आणि वाचनालय ही वहिवाट होती.

या इमारती जर्जर का झाल्या? १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. भाडेकरूला त्यामुळे मोठे संरक्षण लाभले, पण दुरुस्तीत मालकाला काही स्वारस्य उरले नाही. घरे कोसळू लागली तेव्हा १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आले आणि उपकर देणाऱ्या १९,६४२ इमारती त्याच्या कक्षेत घेतल्या गेल्या. इतक्या इमारतींना सरकारी पैसा पुरणे अशक्यच होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, आणि मग भोंग्यांपेक्षा जमिनीचेच मोल अधिक ठरले. दादरच्या कोहिनूर गिरणीची सुमारे पावणेपाच एकर जागा २००५ मध्ये ४२१ कोटी रुपयांना विकली गेली. त्या दिवसापासून शेजारच्या प्रत्येक चाळीकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

पुनर्विकासाची किल्ली १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत आहे. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, त्या प्रमाणास 'चटई क्षेत्र निर्देशांक' म्हणतात. मुंबई बेटावर तो सामान्यतः १.३३ होता. उपकरप्राप्त इमारती नव्याने बांधणाऱ्यास नियमावलीच्या ३३(७) कलमाने अधिक निर्देशांक दिला, तो पुढे वाढत गेला, आणि २००९ मध्ये समूह विकासासाठी तो ४ पर्यंत नेण्यात आला. रहिवाशांना विनामूल्य घरे द्यावयाची आणि उरलेले बांधकाम बाजारभावाने विकावयाचे, असा हा व्यवहार. तेव्हा रहिवाशाचे घर खरोखर फुकट नसते. त्याच्या डोक्यावरचे आभाळ विकून त्याची किंमत वसूल केलेली असते. स्थानक जितके जवळ, तितके हे आभाळ महाग.

या व्यवहाराने काही दिलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. सामाईक संडासापुढे पहाटे रांगेत उभे राहिलेल्या स्त्रियांना, चौथा मजला चढताना धाप लागणाऱ्या वृद्धांना स्वतंत्र न्हाणीघर आणि उद्वाहन म्हणजे काय, हे विचारावे. बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडाने हाती घेतला, २०१७ मध्ये त्याचे भूमिपूजन झाले, आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० वरून ५००! तीन-चार पिढ्यांनंतर एका कामगार कुटुंबाच्या वाट्याला आलेले हे सुख आहे. चाळीचे गोडवे दुरून गाणाऱ्यांनी, आणि त्यांत आपणही आलो, ते कमी लेखू नये.

दाटीलाही केवळ दाटी म्हणून दोष देता येणार नाही. मुंबईच्या लोकलगाड्या दररोज सुमारे सत्तर लाख प्रवासी वाहतात. मे २०२५ मध्ये दादरला भुयारी मेट्रोही आली. एवढी सोय जेथे आहे, तेथे अधिक माणसांनी राहावे हे तर्काला धरूनच आहे. प्रश्न आहे तो या सोयीच्या शेजारी राहणार कोण, हा. ज्यांना लोकल आणि पायी चालणे यांवाचून साधन नव्हते, त्यांच्या जागी आलेल्या मनोऱ्यांचे खालचे कित्येक मजले मोटारी उभ्या करण्यासाठी आहेत. घर मिळाले तरी उद्वाहन, पाणीपंप आणि देखभाल यांचा मासिक खर्च चाळीच्या भाड्याच्या अनेक पट होतो. तो न पेलल्याने घर विकून दूरच्या उपनगरात जाणारेही असतात. आणि मधली वर्षे? गोरेगावच्या सिद्धार्थनगरातील, म्हणजे पत्रा चाळीतील, ६७२ कुटुंबांनी २००८ च्या करारानंतर दशकाहून अधिक काळ घराची वाट पाहिली. लहान भूखंडांवर मोकळ्या जागेच्या अटी शिथिल केल्या जातात. उजेड आणि हवा यांच्या नावाने ज्या परिसराची आखणी झाली, तेथेच आज खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. साडेत्रेसष्ट अंशांचे ते गणित येथे कोणी मांडीत नाही.

या साऱ्या इतिहासातून एक सूत्र हाती लागते. दादरमध्ये जे नकाशावर आणि करारात आले, ते टिकले. जे केवळ वहिवाटीवर उभे होते, ते पाडकामाच्या पहिल्या दिवशीच गेले. चाळीतील खोलीची मोजणी झाली, म्हणून खोलीच्या बदल्यात घर मिळाले. गॅलरीची मोजणी कोणी केली नाही. कायद्याने 'चटई क्षेत्र' मोजले, पण गॅलरीत अंथरलेली चटई त्या क्षेत्रात कधी धरली गेली नाही. मंडळाची खोली, व्यायामशाळा, पुस्तकांची चार कपाटे यांचा उल्लेख करारनाम्यात नसेल, तर ती कोठे ठेवायची हा प्रश्न विकासकाचाही नसतो आणि शासनाचाही.

हा विषय बडोद्याच्या ग्रंथालयाच्या स्मरणग्रंथात का, असे कोणी विचारील. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातील आपले जुने वाडे एकामागून एक उतरविले जात आहेत. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचे एक स्थानक बडोद्यास होत आहे. स्थानकाभोवतीच्या जमिनीचे काय होते, हे दादरने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे. तेव्हा वाडा पाडणाऱ्याशी केवळ भांडून किंवा वाड्यावर कविता लिहून भागणार नाही. संस्थांच्या चालकांनी आपल्या जागेची कागदपत्रे तपासावीत, नोंदी करून घ्याव्यात, आणि शेजारी नवी इमारत उठणार असेल तर तिच्या नकाशात वाचनाची एक खोली मागावी. तोंडी नव्हे, लेखी. ज्या ग्रंथालयाने शंभर वर्षे इतरांचे लिखित जपले, त्याने स्वतःच्या जागेविषयी चार ओळी लिहून ठेवणे हे पुढील शतकाचे पहिले काम समजावे.